सपाट गच्चीवरील डांबरी मेम्ब्रेन : ज्योतीने चिकटवण्याच्या पद्धतीचे शास्त्र आणि देखरेख

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पारंपरिक घरबांधणीत छपराचा आकार पर्जन्यमानाने ठरत असे. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उतरती कौलारू छपरे, तर मराठवाडा, सोलापूर व खानदेशाच्या कमी पावसाच्या प्रदेशात मातीच्या सपाट छताची धाब्याची घरे, अशी ही विभागणी होती. पाऊस अधिक तेथे उतार अधिक, हा त्यामागील साधा नियम होय. प्रबलित काँक्रीटच्या प्रसाराबरोबर हा नियम मागे पडला. वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पुण्यात आणि २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुंबईत आज सारखीच सपाट गच्ची घातली जाते. या दोन प्रकारच्या छपरांचे कार्य मात्र मुळातच भिन्न आहे. उतरते छप्पर पाणी वाहून जाऊ देते. दोन कौलांमध्ये फट असली तरी तेथे पाणी थांबत नाही, म्हणून ती फट चालते. सपाट गच्चीवर पाणी काही काळ उभे राहते, आणि उभ्या पाण्याला सुईच्या अग्राएवढे छिद्रही पुरते. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. असा दिवस अपवादात्मक असला तरी त्याच दिवशी गच्चीची खरी परीक्षा होते.

महाविद्यालयांच्या इमारती बहुतांशी सपाट गच्चीच्या आहेत. ग्रंथालयातील कपाटांवर जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लास्टिकचे कागद पसरणे आणि प्रयोगशाळेत मोक्याच्या जागी बादल्या ठेवणे हा अनेक ठिकाणी वार्षिक परिपाठ झालेला असतो. दुरुस्तीचा निर्णय बांधकाम समितीकडे येतो. समितीवर मराठीचे, वाणिज्यचे किंवा प्राणिशास्त्राचे प्राध्यापक असतात आणि काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर त्यांनाच स्वाक्षरी करावी लागते. गेल्या काही दशकांत या कामासाठी गॅसच्या ज्योतीने तापवून चिकटवण्याच्या डांबरी मेम्ब्रेनचा वापर पुष्कळ वाढला आहे. व्यवहारात तिला ‘एपीपी मेम्ब्रेन’ म्हणतात. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यातील बहुतेक दोष काम चालू असतानाच डोळ्यांना दिसतात. नंतर ते झाकले जातात. म्हणून प्रस्तुत लेखात या पद्धतीमागील शास्त्राबरोबरच, कामाच्या वेळी गच्चीवर उभे राहणाऱ्या बिगर-अभियंता व्यक्तीने काय पाहावे, याचे विवेचन केले आहे.

कोब्याचे वजन

महाराष्ट्रात गच्चीच्या जलरोधनाची रूढ पद्धत म्हणजे ब्रिकबॅट कोबा. विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून उतार काढायचा आणि वरून गुळगुळीत कोबा किंवा चायना मोझॅक करायचे. ही पद्धत टाकाऊ नाही. ती उतार देते, उन्हापासून स्लॅबचे काही अंशी रक्षण करते आणि चांगल्या गवंड्याच्या हातून झाल्यास अनेक वर्षे टिकते. तिचा दोष वजनात आहे. सरासरी साडेअकरा सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला २०० किलोग्रॅमच्या पुढे जाते. गळती सुरू झाली की जुना कोबा न काढता त्यावर दुसरा थर घालण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते, कारण तोडफोडीचा खर्च व धूळ टळते. अशा दोन थरांनी स्लॅबवर दर चौरस मीटरला जवळजवळ अर्धा टन कायमचा भार येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरील मातीची जड छपरे कोसळून हजारो माणसे दगावली. ती छपरेही गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे माती घालून घालूनच जड झालेली होती. काँक्रीटची चौकट निराळी असते हे खरे. परंतु छपरावरचे वजन वाढवत नेण्याची सवय तीच आहे.

याउलट चार मिलिमीटर जाडीच्या मेम्ब्रेनचे वजन दर चौरस मीटरला साडेचार किलोग्रॅमच्या आसपास असते. तथापि मेम्ब्रेन पाणी अडवते, उतार देत नाही. किमान शंभरास एक असा उतार तिच्याखाली आधीच असावा लागतो. पाणी जाण्याच्या तोंडापासून दहा मीटर अंतरावरील जागा त्या तोंडापेक्षा किमान दहा सेंटिमीटर उंच हवी, असा याचा अर्थ. हा हिशेब दोरी आणि पाणसळ घेऊन कोणालाही पडताळता येतो.

टाकाऊ पदार्थाचा उपयोग

डांबराचा जलरोधक म्हणून उपयोग अतिप्राचीन आहे. मोहेंजोदडो येथील महास्नानगृहाच्या बांधणीत पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला आढळला आहे. मराठीत ‘डांबर’ हा एकच शब्द दोन भिन्न पदार्थांना लावला जातो, ही एक अडचणच आहे. दगडी कोळशापासून निघणारे डांबर वेगळे आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणानंतर उरणारे डांबर, म्हणजे बिटुमेन, वेगळे. येथे सर्वत्र दुसरे अभिप्रेत आहे. या डांबराचा स्वाभाविक दोष असा की, ते उन्हाने मऊ होते आणि थंडीने ठिसूळ बनते. रस्त्यासाठी वापरले जाणारे साधे डांबर पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ होऊ लागते. मे महिन्यात काळ्या गच्चीचे तापमान सत्तर अंशांपर्यंत सहज जाते. तेव्हा साध्या डांबराचा थर उभ्या कठड्यावरून ओघळणारच. भट्टीत उकळलेले डांबर ओतून त्यावर टारफेल्टचे थर देण्याची जुनी पद्धत भारतात दीर्घकाळ चालत आली. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १३४६ हे मानक डांबरी फेल्टने छतांचे जलरोधन करण्याविषयीच आहे. त्या पद्धतीत हवा फुंकून कठीण केलेले डांबर वापरत. ते ओघळत नसे, पण काही वर्षांत तडकत असे.

यावरील उपाय इटलीत सापडला, आणि तो एका टाकाऊ पदार्थातून सापडला. मिलान येथील रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नत्ता यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन तयार केले. या संशोधनासाठी त्यांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कार्ल झीग्लर यांच्यासमवेत मिळाले. पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळीत बाजूचे मिथिल गट एकाच अंगाला शिस्तीने बसले तर साखळ्या एकमेकींलगत नीट रचल्या जातात आणि कठीण प्लास्टिक मिळते. बादल्या आणि खुर्च्या होतात त्या याच्या. हेच गट वाटेल तसे विखुरले तर रचना जमत नाही आणि मऊ, चिकट, मेणासारखा पदार्थ हाती येतो. यालाच अॅटॅक्टिक पॉलिप्रॉपिलीन, संक्षेपाने एपीपी, म्हणतात. प्लास्टिकच्या कारखान्यात तो नकोसा होता. १९६० च्या दशकात इटलीत तो डांबरात मिसळून पाहिला गेला. साधारणतः वीस ते तीस टक्के एपीपी मिसळल्यावर एक मोठा बदल घडतो : डांबरात प्लास्टिक विखुरलेले न राहता, प्लास्टिकच्या अखंड जाळ्यात डांबर सामावले जाते. परिणामी मऊ होण्याचे तापमान १५० अंशांच्या आसपास जाते. पुढे कारखान्यांतील उत्प्रेरक इतके सुधारले की हा टाकाऊ पदार्थ फारसा निघेनासा झाला आणि मेम्ब्रेनसाठी तशा प्रकारचे पदार्थ मुद्दाम तयार करावे लागू लागले.

एसबीएस हा दुसरा प्रकार रबरासारखा आहे. तो उणे वीस अंशांतही लवचिक राहतो, म्हणून थंड देशांत त्याला पसंती आहे. महाराष्ट्राच्या हवामानात उन्हाचा प्रश्न थंडीपेक्षा मोठा असल्याने एपीपी सामान्यतः पुरेसे ठरते.

मेम्ब्रेनचा रोल एक मीटर रुंद व दहा मीटर लांब असतो. त्याच्या पोटात पॉलिएस्टरची न विणलेली चादर किंवा काचतंतूंची चादर असते. बळ या चादरीचे, जलरोधकता डांबराची. पॉलिएस्टर तुटण्यापूर्वी तीस ते पन्नास टक्के ताणले जाऊ शकते. काचतंतू दोन-चार टक्क्यांतच तुटतात. ऊनपावसात हालचाल करणाऱ्या गच्चीसाठी पॉलिएस्टरच योग्य होय. निविदेत केवळ ‘४ मिमी एपीपी मेम्ब्रेन’ असे लिहिले आणि आतील चादरीचा उल्लेख केला नाही, तर स्वस्त काचतंतूंचा रोल आला म्हणून कोणाला दोष देता येत नाही. रोलच्या खालच्या अंगाला प्लास्टिकचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. गुंडाळीचे थर एकमेकांस चिकटू नयेत एवढ्यासाठी तो असतो आणि ज्योतीने तो नष्ट व्हावा अशी योजना असते. रोल सावलीत व उभे ठेवायचे असतात. गच्चीवर उन्हात आडवे रचलेले रोल चपटे होतात आणि उलगडताना सुरकुततात.

कोरडेपणा

या पद्धतीतील सर्वाधिक अपयशाचे मूळ ज्योत पेटण्यापूर्वीच घातले गेलेले असते, आणि ते म्हणजे ओल. काँक्रीट वरून कोरडे दिसते, पण आतील छिद्रांत पाणी असते. त्यावर मेम्ब्रेन चिकटवली आणि मध्ये नाण्याएवढी पोकळी राहिली, तर त्या पोकळीत आर्द्र हवा कोंडते. हवेचे तापमान पंचवीस अंशांवरून सत्तरवर गेले, तर केवळ हवेच्या प्रसरणाने दाब सुमारे पंधरा टक्के वाढतो. पोकळीत पाणीही असेल तर सत्तर अंशांवरील बाष्पदाब, म्हणजे सुमारे ३१ किलोपास्कल, त्यात मिळतो. पोकळी फुगली नाही असे गृहीत धरल्यास बाहेरच्या वातावरणापेक्षा आतील दाब चाळीस किलोपास्कलहून अधिक होतो. चौरस मीटरच्या भाषेत सांगायचे तर चार टनांहून अधिक वजन मेम्ब्रेनला खालून वर ढकलत असते. प्रत्यक्षात मेम्ब्रेन फुगते आणि दाब उतरतो. रात्री ती सैल पडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा फुगते, आणि दरवेळी कडेचे थोडेसे चिकटलेपण सुटत जाते. नाण्याएवढ्या पोकळीचा ताटाएवढा फुगा होतो तो असा.

ओल तपासण्याची एक सोपी रीत आहे. सुमारे अर्धा मीटर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद गच्चीवर अंथरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि किमान सोळा तास तसाच ठेवावा. कागदाच्या आतील बाजूस दव जमले किंवा खालचे काँक्रीट काळवंडले तर काम थांबवावे. ही चाचणी एकाच नव्हे तर निरनिराळ्या जागी, विशेषतः पाणी जाण्याच्या तोंडाशी आणि पाण्याच्या टाकीलगत करावी.

जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर थेट मेम्ब्रेन चिकटवणे हा या प्रश्नाचा सर्वांत उग्र प्रकार आहे. कोबा म्हणजे विटांचे सच्छिद्र तुकडे. अनेक पावसाळ्यांत तडा गेलेला कोबा स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतो. साडेअकरा सेंटिमीटर जाडीच्या कोब्यातील केवळ दहा टक्के जागा पाण्याने भरलेली आहे असे धरले, तरी दर चौरस मीटरला साडेअकरा लिटर पाणी होते. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीत हा आकडा पावणेसहा हजार लिटरांपर्यंत जातो. वरून मेम्ब्रेन घालून हे पाणी कोंडले की त्याला वर उडून जाण्याचा मार्ग उरत नाही आणि ते सावकाश खालीच उतरते. मग नवे काम पूर्ण होऊन, देयक अदा होऊन, पाऊस थांबल्यानंतरही छताला ओल दिसत राहते आणि खापर मेम्ब्रेनवर फुटते. अशा गच्चीवर कोबा काढून स्लॅबपर्यंत जावे, अथवा निदान एक पूर्ण उन्हाळा तो उघडा वाळू द्यावा. शैक्षणिक संस्थांचे आर्थिक वर्ष याच्या नेमके आड येते. मार्चमध्ये निधी खर्ची टाकण्याची घाई, एप्रिलमध्ये परीक्षा, आणि मेच्या अखेरीस वळवाच्या सरींत प्रत्यक्ष काम, असा क्रम अनेकदा पडतो. मेम्ब्रेनसाठी याहून वाईट वेळ शोधूनही सापडणार नाही. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू व्हावयाचे असेल तर अंदाजपत्रक दिवाळीपूर्वी तयार हवे.

वाळलेल्या पृष्ठभागावरील धूळ, सुटे कण आणि शेवाळ काढून त्यावर प्रायमर लावतात. प्रायमर म्हणजे द्रावकात पातळ केलेले डांबर. ते काँक्रीटच्या छिद्रांत शिरून धूळ बांधते आणि वरच्या डांबराला धरायला जागा देते. ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबणे आवश्यक असते. ओल्या प्रायमरमधून निघणारी द्रावकाची वाफ ज्वालाग्राही असते, त्यामुळे येथे घाई केल्यास केवळ चिकटण्याचाच नव्हे तर भाजण्याचाही धोका संभवतो.

ज्योतीचे काम

काम गच्चीच्या सर्वांत खालच्या कडेपासून, म्हणजे पाणी जाण्याच्या तोंडापासून, सुरू करून वर न्यायचे असते. असे केल्याने प्रत्येक वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढते आणि जोडाची कड पाण्याच्या प्रवाहाला पाठ देते. कौलांची रचनाही हीच आहे. रोल प्रथम पूर्ण उलगडून, सरळ रेषेत ठेवून, थोडा वेळ सैल पडू देतात. नंतर एका टोकाकडून निम्मा गुंडाळून तो भाग चिकटवतात आणि मग उरलेला निम्मा. प्रथमपासून उलगडत नेल्यास रोल तिरका जातो आणि शेवटी लांबीत हातभर चूक पडते.

ज्योतीचा मोठा भाग रोलच्या पोटावर आणि थोडा भाग समोरच्या पृष्ठभागावर पडला पाहिजे. कारागीर टॉर्च रोलच्या रुंदीभर फिरवतो आणि जोडाच्या बाजूस पोहोचल्यावर आधी घातलेल्या पट्टीच्या कडेवरून पुढे नेतो; एल या इंग्रजी अक्षरासारखा हा मार्ग असतो. येथे कारागिराच्या कौशल्याला एका अरुंद तापमानकक्षेत राहावे लागते. डांबर १५० अंशांच्या पुढे मऊ होते आणि वाहते होण्यासाठी त्याहून अधिक तापावे लागते. आतील पॉलिएस्टर मात्र २५० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळते. म्हणजे डांबर वितळले पाहिजे पण त्याच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर आतील चादर वितळता कामा नये. ज्योतीचे स्वतःचे तापमान हजार अंशांहून कितीतरी अधिक असते. हा सगळा खेळ ज्योत एका जागी किती क्षण थांबली यावर चालतो. कारागिराच्या हाती तापमापक नसतो. तो डोळ्यांनी वाचतो. प्लास्टिकचा पापुद्रा आक्रसून नाहीसा झाला, डांबराला ओली चकाकी आली आणि रोलच्या पुढे वितळलेल्या डांबराची बारीक लाट सरकू लागली, की तापमान योग्य. पापुद्र्याचे तुकडे शिल्लक असतील तर तेथे डांबर पृष्ठभागाला नव्हे तर प्लास्टिकला चिकटले. दाट धूर निघू लागला, वरच्या बाजूस चादरीची वीण दिसू लागली किंवा मेम्ब्रेन आक्रसली, तर ती जळली.

या धुराचा संबंध केवळ दर्जाशी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये छताच्या कामातील ऑक्सिडीकृत डांबराशी येणारा व्यावसायिक संपर्क बहुधा कर्ककारक असल्याचे वर्गीकरण केले. तो निष्कर्ष भट्टीत उकळलेल्या डांबराच्या कामासंबंधी आहे आणि एपीपी मेम्ब्रेनला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण डांबर जितके अधिक तापते तितका धूर वाढतो, हे दोन्हींना समान आहे.

बाजूचा जोड किमान १० सेंटिमीटर आणि लांबीच्या टोकाचा जोड १५ सेंटिमीटर ठेवण्याची रीत आहे. टोकाचे जोड शेजारच्या पट्ट्यांत एका रेषेत येऊ देत नाहीत. जोडावर रूळ फिरवल्यानंतर कडेने अर्धा ते एक सेंटिमीटर रुंदीचा डांबराचा अखंड ओघळ बाहेर आलेला दिसला पाहिजे. गच्चीवर उभ्या असलेल्या प्राध्यापकाने एकच गोष्ट पाहायची ठरवली, तर ती ही असावी. ओघळ नसेल तर आत डांबर वितळल्याचा पुरावा नाही. ओघळ हातभर पसरला असेल तर ज्योत जास्त झाली. पुष्कळ कारागीर शेवटी तापलेल्या थापीने ही कड पुसून सारखी करतात. काम देखणे दिसते, पण आतून न चिकटलेल्या जोडाची कडही याच थापीने बंद करता येते. म्हणून थापी फिरण्यापूर्वी पाहावे, आणि जोड पूर्ण थंड झाल्यावर बोथट स्क्रूड्रायव्हरचे टोक कडेने हलक्या हाताने ओढत न्यावे. जेथे ते आत शिरते तेथे जोड उघडा आहे.

तीन पट्ट्या जेथे एकत्र येतात तेथे मधल्या पट्टीचा कोपरा तिरका कापावा लागतो. न कापल्यास चार मिलिमीटरची पायरी राहते आणि तिच्या पोटात पाण्याला वाट मिळते. वरच्या अंगाला दगडी कणी असलेली मेम्ब्रेन वापरली असेल, तर टोकाच्या जोडापुरती कणी तापवून डांबरात दाबून घ्यावी लागते. कणीवर डांबर नीट धरत नाही. हे काम कंटाळवाणे असल्याने ते हमखास टाळले जाते.

स्लॅबमध्ये हालचाल करणाऱ्या भेगेवर मात्र नियम उलटतो. तेथे मेम्ब्रेन चिकटवायची नसते. भेगेच्या अगदी कडेपर्यंत मेम्ब्रेन घट्ट चिकटली असेल आणि भेग एक मिलिमीटर उघडली, तर तो सारा ताण काही मिलिमीटर लांबीच्या पट्टीवर येतो आणि ती फाटते. भेगेवर १० सेंटिमीटर रुंदीचा भाग सुटा ठेवला तर तोच एक मिलिमीटर शंभर मिलिमीटरवर वाटला जातो, म्हणजे ताण केवळ एक टक्का. प्रसरण-सांध्यावर हालचाल याहून मोठी असते. तीस मीटर लांबीच्या काँक्रीटच्या गच्चीचे तापमान चाळीस अंशांनी बदलले तर तिची लांबी सुमारे तेरा मिलिमीटरने बदलते, म्हणून तेथे मेम्ब्रेनला सैल वळी देऊन ठेवतात.

एरवी संपूर्ण पृष्ठभागाला चिकटलेल्या मेम्ब्रेनचा मोठा फायदा असा की, पुढे कोठे छिद्र पडले तरी पाणी मेम्ब्रेनखाली दूरवर पसरत नाही. सुट्या अंथरलेल्या आवरणात गळती एका खोलीत दिसते आणि छिद्र दुसऱ्या टोकाला असते.

कडा आणि तोंडे

गच्चीच्या मधोमध मेम्ब्रेन क्वचितच दगा देते. पाणी शिरते ते कठड्याच्या पायथ्याशी, पाइपांभोवती आणि पाणी जाण्याच्या तोंडाशी. ही कामे मोजमापात लहान आणि वेळात मोठी असल्याने चौरस मीटरच्या दराने काम घेतलेल्या कंत्राटदाराला ती परवडत नाहीत. निविदेत त्यांचे दर स्वतंत्र दाखवणे हाच त्यावर व्यवहार्य उपाय दिसतो.

मेम्ब्रेन काटकोनात वळवली तर वळणावर चादर ताणली जाते आणि मागे पोकळी राहते. म्हणून गच्ची व कठडा यांच्या सांध्यात आधी मसाल्याचा गोलसर वाटा काढून तो वाळवून घेतात. त्यावरून मेम्ब्रेन कठड्यावर किमान १५ सेंटिमीटर वर चढवायची असते, आणि ही उंची अंतिम फरशीच्या वर मोजायची असते. मेम्ब्रेनवर संरक्षक कोबा व फरशी येणार असेल तर तेवढी जाडी आधीच धरावी लागते. वरची कड कठड्यात खाच मारून आत वळवतात किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीने स्क्रू मारून दाबतात आणि सीलंटने बंद करतात. नुसती चिकटवून सोडलेली कड दोन-तीन उन्हाळ्यांत गिलाव्यासकट सुटते. कठड्याच्या माथ्यालाच भेग असेल तर पाणी भिंतीच्या पोटातून मेम्ब्रेनच्या मागे उतरते आणि गच्चीवरचे सारे काम निर्दोष असूनही खालच्या खोलीची भिंत भिजते.

पाणी जाण्याच्या तोंडाभोवतीची जागा आजूबाजूपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर खोलगट असावी, कारण तेथे मेम्ब्रेनचे दोन थर येतात. खोलगट न केल्यास त्या दोन थरांचाच बांध होतो आणि तोंडाभोवती पाणी साचते. पहिला तुकडा पाइपाच्या आत वळवून चिकटवायचा आणि मुख्य पट्टी त्यावर आणायची, हा क्रम आहे.

आगीचा धोका

ज्योतीने काम करताना इमारतीला आग लागण्याची भीती भारतात फारशी बोलली जात नाही, कारण खाली काँक्रीट असते. हा दिलासा निम्माच खरा आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे बांधकाम चालू असलेल्या स्कायसिटी आंतरराष्ट्रीय परिषद केंद्राच्या छताला २२ ऑक्टोबर २०१९ रोजी आग लागली. छतावर जलरोधक मेम्ब्रेन बसवण्यासाठी गॅसची टॉर्च वापरली जात होती आणि छताच्या रचनेत दाबलेल्या गवताचे तक्ते होते. ही आग कित्येक दिवस धुमसत राहिली. इंग्लंडमधील अपपार्क हा ऐतिहासिक वाडा ३० ऑगस्ट १९८९ रोजी जळाला तो छपरावरील शिशाच्या पत्र्याचे काम ज्योतीने चालू असताना, आणि तेही काम पूर्ण होण्याच्या बेतात असताना. दोन्ही ठिकाणी ज्वलनशील पदार्थ छताच्या रचनेतच होता.

आपल्याकडील जुन्या महाविद्यालयांत मंगळुरी कौलांची, सागवानी वाशांची मूळ इमारत आणि तिला लागून बांधलेली काँक्रीटची नवी बाजू, अशी रचना सर्रास दिसते. नव्या गच्चीच्या कडेवर फिरणारी ज्योत जुन्या छपराच्या वळचणीपासून हातभर अंतरावर येते. त्या फटीतून हवा आत ओढली जात असेल तर ज्योतही ओढली जाते. वळचणीतील पक्ष्यांची घरटी व वाळलेला पाला, प्रसरण-सांध्यात भरलेले थर्माकोल किंवा फायबर बोर्ड, वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांवरील फोम, विजेच्या तारा आणि प्लास्टिकच्या टाक्या हे सर्व काँक्रीटच्याच गच्चीवर असते. अशा जागी ज्योत न वापरता स्वतः चिकटणारी मेम्ब्रेन किंवा थंड पद्धतीने लावायचे आवरण वापरणे श्रेयस्कर.

ज्योत विझल्यानंतरचा काळ अधिक घातक असतो. लाकडाच्या किंवा भुशाच्या पोकळीत शिरलेली ठिणगी तास-दीड तास धुमसून मग पेट घेते, आणि तोवर कामगार घरी गेलेले असतात. अमेरिकेतील छत-कंत्राटदारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या ‘सर्टा’ या प्रशिक्षणक्रमात काम संपल्यावर किमान दोन तास पहारा ठेवण्यास सांगितले जाते. त्यावरून साधा नियम निघतो : संध्याकाळी सहाला इमारत बंद होणार असेल तर टॉर्च चारच्या आत विझली पाहिजे.

सिलिंडरसंबंधी दोन गोष्टी नमूद करणे आवश्यक आहे. स्वयंपाकाचा १४.२ किलोग्रॅमचा घरगुती सिलिंडर या कामासाठी वापरणे नियमबाह्य आहे. व्यावसायिक सिलिंडरच हवा, आणि तो उभाच ठेवायचा. दुसरे असे की, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गच्चीवर गळती झाली तर तो वर न जाता जिन्यातून आणि पाण्याच्या पाइपांतून खाली उतरतो. म्हणून सिलिंडर जिन्याच्या तोंडाशी ठेवण्याची सोयीस्कर सवय मोडली पाहिजे.

काम झाल्यानंतर

पाणी जाण्याची तोंडे बंद करून गच्चीवर पाणी उभे करण्याची चाचणी सर्वश्रुत आहे. ती किमान ४८ तास चालावी आणि त्या काळात खालच्या मजल्यावरील छत खोलीगणिक पाहून नोंद ठेवावी. पाणी भरताना भाराचाही विचार करावा. अडीच सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला २५ किलोग्रॅम. जुन्या, कमकुवत स्लॅबवर खोल तळे करण्याचे कारण नाही. कठड्यावरची चढती बाजू या चाचणीत जवळजवळ तपासलीच जात नाही, म्हणून तेथे नळीने पाणी सोडून पाहावे. चाचणी संरक्षक थर घालण्यापूर्वी व्हावी, कारण नंतर दोष सापडला तरी त्याची जागा सापडत नाही.

उघडी काळी मेम्ब्रेन उन्हातील अतिनील किरणांनी हळूहळू तडकते. कणीचा थर, अॅल्युमिनियमचा रंग किंवा वर्दळीच्या गच्चीवर कोबा व फरशी, यांपैकी काहीतरी तिच्यावर हवेच. अॅल्युमिनियमचा रंग दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो आणि नेमका तोच खर्च संस्थेच्या अंदाजपत्रकात कोणत्याही शीर्षाखाली बसत नाही.

कंत्राटदाराकडून घेतल्या जाणाऱ्या दहा वर्षांच्या हमीपत्रात, नंतर इतरांनी पाडलेल्या छिद्रांची जबाबदारी वगळलेली असते, आणि ते रास्तच आहे. डिश अँटेना, इंटरनेटचे खांब, वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपाच्या खुंट्या आणि अलीकडे सौरऊर्जेच्या पॅनेलचे सांगाडे यांसाठी पडणारी भोके मेम्ब्रेनची खरी शत्रू आहेत. सौर पॅनेल बसवण्याचा विचार असल्यास सांगाड्याच्या पायांसाठी काँक्रीटचे ठोकळे मेम्ब्रेनच्या कामापूर्वीच स्लॅबवर ओतून घ्यावेत आणि मेम्ब्रेन त्या प्रत्येक ठोकळ्यावर चारही बाजूंनी १५ सेंटिमीटर चढवून घ्यावी. ठोकळ्यांची जागा ठरवण्यासाठी पॅनेलचा आराखडा तेव्हा हाती असावा लागतो. दोन कामांच्या निविदा दोन वेगळ्या वर्षांत निघणार असल्या, तरी एवढा एक कागद आधी मागवता येतो.